देवाच्या दरबारातला यजमान

शिरवळच्या शाखेत माझी बदली झाली ते साल १९९४. पुण्याहून येताना नीरेवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि लगेच शिरवळ येते. आमच्या शाखेचे हेडकॅशियर मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. निवृत्तीला चार वर्षे उरली असताना त्यांनी गावात दोन खोल्यांचे घर बांधले आणि नव्या घरात जाण्याच्या दिवशी शाखेतल्या सगळ्यांना बोलावले. त्यांच्याकडे त्या दिवशी उपकारस्तुतीची उपासना होती. पाळकसाहेबांना ऐनवेळी येता आले नाही, म्हणून घरच्या यजमानानेच उपासना चालवायचे ठरले.

खरे सांगायचे तर मी बिचकतच गेलो होतो. कुठे बसायचे, कधी उठायचे, हात जोडायचे की नाही, सगळाच गोंधळ. पण दारात चपला काढल्या, आत सतरंज्या अंथरलेल्या दिसल्या आणि अर्धी भीती तिथेच गेली. हेडकॅशियर गीताचा क्रमांक दोनदा सांगत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी प्रार्थनेला उठायची गरज नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. आम्हा हिंदू-मुसलमान सहकाऱ्यांकडे पाहून ते म्हणाले की नुसते शांत बसलात तरी तुम्ही उपासनेतच आहात. ढोलकी आणि टाळ होते. गाणे सुरू झाले आणि मी चमकलो. तो चक्क अभंग होता! ख्रिस्ताचे नाव येईपर्यंत मी तो तुकोबांचाच समजत होतो.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. हेडकॅशियरांचा आवाज वरच्या पट्टीतला, खणखणीत. आमच्या बँकेच्या स्नेहसंमेलनात त्यांचे नाट्यगीत ठरलेले असे. पण त्या दिवशी त्यांनी पट्टी इतकी खाली धरली होती की त्यांच्या आवाजाचे तेज कुठे दिसलेच नाही. उलट त्यांची ऐंशीच्या घरातली आई आणि शेजारच्या आयाबाया मोकळ्या गळ्याने गात होत्या. दुसऱ्या दिवशी मी कारण विचारले. ते हसून म्हणाले की यजमानाने शेवटच्या पंगतीला बसायचे असते. मग अभंग कोणाचा म्हणून विचारले, तर उत्तर आले, टिळकांचा. लोकमान्यांचा नव्हे, रेव्हरंड टिळकांचा.

शाळेत आम्ही त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखत होतो. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणी गेली, घरात मन रमेना. मुलगा नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. जवळच्याच जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठीत अजरामर झाली. टिळकांच्या पायाला भिंगरी होती. आज एका गावी शिक्षक, उद्या दुसऱ्या गावी कीर्तनकार. नागपूर झाले, राजनांदगाव झाले. १८९३च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हातात बायबल ठेवले. ते वाचता वाचता त्यांचे मन पालटत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी एका चित्पावन ब्राह्मणाने धर्म बदलणे म्हणजे काय, याची कल्पना आज करता येणार नाही. नातलगांची दारे बंद झाली. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आप्तांकडे राहिल्या. नवराबायकोची जवळजवळ पाच वर्षे ताटातूट झाली. ज्याला सगळ्या घरांनी बाहेर ठेवले, त्याला उंबऱ्याचे मोल कळते. मला वाटते, टिळकांच्या उपासनेचे मूळ या पाच वर्षांत आहे.

लक्ष्मीबाई अखेर नगरला त्यांच्याकडे आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळक तापट, हट्टी, धांदरट. पण या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. आपल्या घरात आपल्याच बायकोला तिच्या पद्धतीने राहू दिले. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. आलेल्याला बदलायची घाई न करता त्याला जागा देणे, हा यजमानाचा पहिला धर्म. टिळक तो चर्चमध्ये वापरण्याआधी आपल्या माजघरात शिकले.

त्यांचे नगरचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. दुष्काळातली पोरकी मुले, शिकायला आलेले विद्यार्थी, कोणीही यावे. बालकवी ठोमरे तिथेच राहिले. खिशात दमडी नसताना टिळक पाहुणे घेऊन येत आणि चुलीपुढे लक्ष्मीबाई पीठ किती उरले ते बघत. हे सारे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी इतक्या हसतखेळत लिहिले आहे की वाचताना त्यामागचे कष्ट विसरायला होते. एक माणूस मोठ्या मनाचा यजमान होतो तेव्हा त्याची किंमत घरातले दुसरे कोणीतरी मोजत असते. टिळकांचे गुणगान करताना हे सांगायचे राहू नये.

नगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान शाळेत शिकवीत. १९०४ साली ते दीक्षित पाळक झाले. चर्चमध्ये त्यांना जे दिसले ते त्यांच्यातल्या कीर्तनकाराला सलत असले पाहिजे. देव मराठी माणसांचा, शब्द मराठी; पण पुष्कळशी गीते इंग्रजीवरून आणलेली आणि चाली साहेबाच्या. गावाकडून आलेली साधी माणसे बाकांवर अवघडून बसत. आपल्याच देवाच्या घरी ती पाहुण्यासारखी वागत.

ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात टिळकांच्या आधी नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी केली होती. टिळकांनी ती वाट रुंद केली. कीर्तनाची रचना पाहा. आधी नमन, मग पूर्वरंगात मूळ पद आणि त्याचे निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. पूर्वरंग विचाराचा, उत्तररंग कथेचा. टिळकांनी आख्यानाच्या जागी ख्रिस्तचरित्र आणले, बाकीचा साचा तसाच ठेवला. या साच्याची खुबी अशी की श्रोता गप्प बसूच शकत नाही. ध्रुवपद आले की त्याला ते उचलावेच लागते, टाळीला हात वर करावाच लागतो. प्रवचनात ऐकणारा पाहुणा असतो, कीर्तनात तो घरचा होतो.

मग गीते. ओवी, अभंग, पद अशा ओळखीच्या साच्यांत त्यांनी इतकी भजने लिहिली की ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात दोनशेहून अधिक रचना एकट्या टिळकांच्या आहेत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघडपणे सांगत. तो पूल त्यांनी मागे वळून पाडला नाही. त्याच्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याची सोय केली.

एवढ्यानेही त्यांचे समाधान झाले नाही. मिशनचा पगार घेऊन देवाचे काम करावे हे त्यांना खटकू लागले. १९१७ साली त्यांनी तो सोडला. तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे गेलेले, अंगात दुखणी, घरात खाणारी तोंडे. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला या निर्णयाने आजही घाम फुटतो! ते आमच्या या सातारा जिल्ह्यात, साताऱ्याला राहत होते आणि तिथेच त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे इथे एका सतरंजीवर बसतील, अशी ती कल्पना होती. नाव त्यांनी मोठे नेमके ठेवले. दरबार देवाचा, टिळक तिथे फक्त आलेल्याला पुढे या म्हणणारे.

दरबार फार काळ टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला नेल्या. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ज्या बाईला त्यांनीच लिहायला उद्युक्त केले होते तिने पुढचे ६४ अध्याय रचले आणि स्वतः उभे राहून कीर्तनेही केली. चुलीपुढे बसून पीठ मोजणारी लक्ष्मीबाई अशी मंडळींपुढे उभी राहिली. १९३६ साली त्याही गेल्या. दरबार मोडला, पण गाणी राहिली. म्हणूनच पंचाहत्तर वर्षांनी शिरवळच्या दोन खोल्यांत, माझ्यासारख्या उपऱ्याच्याही ओठांवर ती आली.

आता माझ्याविषयी थोडे. निवृत्त झाल्यावर मी शिरवळलाच राहिलो. दर गुरुवारी आमचे भजन असते आणि पेटी माझ्याकडे. पहिली काही वर्षे मी काळी चारमध्ये गात आलो, कारण माझा आवाज तिथे खुलतो. लोक माना डोलवीत. मला वाटे, भजन रंगते आहे. आमच्यात एक वयस्कर बाबा होते. तरुणपणी ते दिंडीत वीणा घेऊन चालत. हळूहळू ते गाईनासे झाले, नुसते टाळ वाजवीत. मग टाळही थांबले. मग त्यांचे येणेच थांबले. त्यांना बरे नसेल असे मी धरून चाललो. चौकशीला एकदाही गेलो नाही.

गेल्या वर्षी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतले आणि वाचता वाचता हेडकॅशियरांची ती खाली धरलेली पट्टी आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बाबांच्या घरी गेलो. सूनबाईंनी पाट दिला, चहा दिला. बाबा दोन महिन्यांपूर्वीच गेले होते. शेवटपर्यंत दर गुरुवारी ते ओट्यावर बसत आणि देवळातून येणाऱ्या आवाजाबरोबर हलकेच म्हणत, असे त्या म्हणाल्या. घरातल्या घरात त्यांना त्यांच्या पट्टीत म्हणता येत होते. देवळात मी म्हणू दिले नव्हते.

आता आमचे भजन काळी एकमध्ये असते. दाराजवळ बसणाऱ्या बायका हल्ली दोन ओळी पुढे सरकल्या आहेत, आणि ध्रुवपद आले की माझा आवाज त्यात बुडून जातो. त्या पट्टीत तो खुलत नाही. चालायचेच. पंगत अजून उठलेली नाही.