दानास शिस्त लावणारे संत व्हिन्सेंट द पॉल

समाजकार्य हा आज एक स्वतंत्र अभ्यासविषय व पेशा झाला आहे. मुंबईंत सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें १९३६ सालीं त्याची पहिली शाळा निघाली व १९५५ सालीं मरियेच्या हृदयाच्या कन्या या धर्मभगिनींनीं निर्मला निकेतनचें महाविद्यालय उघडलें. परंतु गरजूची घरीं जाऊन चौकशी करणें, नोंद ठेवणें, मदतीचा हिशेब राखणें, ह्या ज्या रीति तेथें शिकवितात, त्यांतील पुष्कळशा एका फ्रेंच धर्मगुरूंनीं चार शतकांपूर्वींच घालून दिल्या होत्या, हें आमच्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

व्हिन्सेंट यांचा जन्म १५८१ सालीं गॅस्कनी प्रांतांतील पुई गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. बालपणीं त्यांनीं गुरें राखलीं. १६०० सालीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली. खरें सांगावयाचें तर आरंभीं त्यांचा डोळा चांगल्या उत्पन्नाच्या जागेवर होता. संत हे जन्मतःच संत असतात असें मानणाऱ्या वाचकांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

१६१७ च्या ऑगस्ट महिन्यांत ते शातियों येथें धर्मगुरू होते. एका रविवारीं मिस्साची तयारी चालली असतां गांवाबाहेरील एक सबंध कुटुंब आजारी पडलें असून पाणी द्यावयासहि कोणी नाहीं, अशी वर्दी आली. त्यांनीं प्रवचनांत ती गोष्ट सांगितली. दुपारीं ते स्वतः तिकडे निघाले, तों वाटेवर जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांची रीघ लागलेली. उन्हानें थकून कित्येक झाडाखालीं विसावल्या होत्या. त्या घरांत अन्नाची रास पडली होती. आज हें नासणार आणि उद्यां हीं माणसें पुन्हां उपाशी राहणार, हें व्हिन्सेंट यांनीं ओळखलें. उणीव दयेची नव्हती, व्यवस्थेची होती.

थोड्याच दिवसांत त्यांनीं तेथील बायांचें मंडळ उभारलें व त्याच वर्षीं त्याची नियमावली मंजूर झाली. ती वाचतांना आम्हांस नवल वाटलें. पाळी कोणाची, पैसा कोणाजवळ, हिशेब कसा, हें तर तींत आहेच. पण रोग्यास हंसतमुखानें भेटावें, ताटाखालीं स्वच्छ वस्त्र घालावें, मांस बारीक कापून द्यावें, हेंहि आहे. ज्याच्याजवळ कोणी माणूस आहे त्याच्यापासून आरंभ करावा आणि एकट्या राहणाऱ्याकडे शेवटीं जावें, म्हणजे त्याच्यापाशीं अधिक वेळ बसतां येईल!

१६२१ सालीं माकों शहरांत त्यांनीं भिकाऱ्यांची यादी करविली. गांवच्या गरिबांस ठरल्या दिवशीं मदत मिळे. वाटसरूस एक रात्र आसरा व सकाळीं दोन सू देऊन वाटेस लावीत.

पॅरिसमधील श्रीमंत बायांना मात्र रोग्यांची सेवा स्वहस्तें करणें जड जाई व त्या दासींना पाठवीत. तेव्हां मार्गरीत नासो ही शेतकऱ्याची मुलगी पुढें आली. गाई राखतांना येणाऱ्या-जाणाऱ्यांस विचारून ती अक्षरें शिकली होती. एका प्लेगग्रस्त बाईस तिनें आपल्या बिछान्यावर घेतलें आणि १६३३ सालीं त्याच रोगानें ती वारली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत व्हिन्सेंट व लुईज द मारियाक यांनीं दयाकन्यांचा संघ स्थापिला. मठाच्या भिंतीआड न राहतां ह्या भगिनी रस्त्यांतून व रोग्यांच्या घरांतून वावरूं लागल्या. १६३८ पासून त्यांनीं टाकून दिलेल्या अर्भकांचा सांभाळहि पत्करला.

१६५६ सालीं राजाज्ञेनें पॅरिसच्या भिकाऱ्यांस कोंडून ठेवण्यासाठीं मोठी संस्था निघाली. ही बळजबरी व्हिन्सेंट यांस रुचली नाहीं आणि तेथील धर्मगुरूपद त्यांच्या संघानें नाकारलें. २७ सप्टेंबर १६६० रोजीं ते निवर्तले. १७३७ सालीं त्यांस संतपद मिळालें व १८८५ सालीं तेरावे पोप लिओ यांनीं त्यांस दयाकार्याचे आश्रयदाते ठरविलें.

१८३३ सालीं पॅरिसमध्यें फ्रेदेरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनीं काढलेल्या मंडळास त्यांचेंच नांव आहे. त्याचे सभासद अजूनहि दोघे-दोघे मिळून गरिबांच्या घरीं जातात.