शिष्यवृत्तीच्या पायऱ्यांवरून अवकाशात

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातले लेक सिटी हे छोटेसे गाव. 1959 साली तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात आठ-नऊ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा विज्ञान आणि गणिताची पुस्तके घेऊन काउंटरपाशी उभा राहिला. ग्रंथालय फक्त गोऱ्यांसाठी होते. पुस्तके मिळणार नाहीत, असे ग्रंथपाल बाईंनी सांगितले. तरी मुलगा हलेना. तो काउंटरवरच बसून राहिला. पोलिसांना बोलावणे गेले, आईलाही. आलेल्या पोलिसांना मुलाचा काही गुन्हा दिसेना. पुस्तके नीट परत येतील अशी हमी आईने दिली आणि मुलगा ती घेऊनच घरी गेला. त्याचे नाव रोनाल्ड मॅकनेअर. पुढे हाच मुलगा अवकाशात जाणारा दुसरा कृष्णवर्णीय अमेरिकी ठरला.

रोनाल्ड यांचा जन्म 21 ऑक्टोबर 1950चा. वडील मोटारी दुरुस्त करत, आई शिक्षिका होती. सुट्टीत कापूस आणि तंबाखूच्या शेतांत राबणे गावातल्या मुलांना चुकत नसे. रोनाल्डनाही चुकले नाही. कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या शाळेत ते शिकले आणि 1967 साली शाळेत पहिले आले. गणितात गती होती, पण महाविद्यालयाचा खर्च गुणांनी भागत नाही. इथे शिष्यवृत्ती कामी आली. ग्रीन्सबरो इथल्या नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी विद्यापीठात 1967 ते 1971 ही चारही वर्षे ते ‘प्रेसिडेन्शियल स्कॉलर’ होते.

पैशांइतकीच आणखी एका गोष्टीची गरज होती. रोनाल्ड सॅक्सोफोन उत्तम वाजवत आणि संगीताकडे वळावे की भौतिकशास्त्र घ्यावे, अशा दुविधेत ते सापडले होते. भौतिकशास्त्र आपल्याला झेपेल का, ही शंकाही होती. विद्यापीठातल्या एका समुपदेशक बाईंनी त्यांना धीर दिला आणि भौतिकशास्त्र घ्यायला लावले. 1971 साली ते विशेष गुणवत्तेसह पदवीधर झाले. सॅक्सोफोन मात्र शेवटपर्यंत सुटला नाही.

त्यानंतर ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीत दाखल झाले. पहिली तीन वर्षे फोर्ड फाउंडेशनची पाठ्यवृत्ती होती. पुढच्या वर्षी नॅशनल फेलोशिप फंडने मदत केली. 1975 साली ‘नाटो’ची पाठ्यवृत्ती मिळाली आणि त्याच वर्षी फ्रान्समधील ले झूश इथल्या प्रसिद्ध उन्हाळी विद्यालयात लेसरशास्त्रातल्या नामवंतांकडून शिकता आले. एका पायरीवरून दुसरीवर पाय ठेवावा, तसे हे शिक्षण पुढे सरकले. मधली एक पायरी निखळती, तरी प्रवास तिथेच थांबण्याचा धोका होता.

त्यांच्या संशोधनाचा विषय होता रासायनिक लेसर. हायड्रोजन आणि फ्लोरिन यांची अभिक्रिया झाली, की तयार होणारे रेणू जादा ऊर्जेने भारलेले असतात. ही ऊर्जा ते अवरक्त प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. योग्य रचना करून त्या प्रकाशाला एका दिशेने, एका लयीत बाहेर काढले, की लेसरचा झोत मिळतो. म्हणजे इथे झोताला लागणारी ऊर्जा मुख्यतः रासायनिक अभिक्रियेतून येते. अशा लेसरच्या सुरुवातीच्या विकासात मॅकनेअर यांचा वाटा होता.

पीएचडीचे काम रंगात आले असताना दोन वर्षांच्या प्रयोगांच्या नोंदी चोरीला गेल्या. दुसरा कोणी खचला असता. मॅकनेअर पुन्हा प्रयोगशाळेत गेले आणि वर्षभराच्या आत सगळी मोजमापे नव्याने घेतली. 1976 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी कराटेच्या स्पर्धेत सुवर्णपदकही मिळाले!

पुढे कॅलिफोर्नियातील ह्यूज प्रयोगशाळेत त्यांनी एका उपग्रहातून दुसऱ्या उपग्रहाशी लेसरद्वारे संपर्क साधण्याच्या तंत्रावर काम केले. 1978 साली ‘नासा’ने हजारो अर्जांमधून 35 जणांची निवड केली, त्यात त्यांचे नाव होते. अमेरिकेच्या पहिल्या महिला अंतराळवीर आणि पहिले कृष्णवर्णीय अंतराळवीर याच तुकडीतले.

फेब्रुवारी 1984 मध्ये ‘चॅलेंजर’ यानातून मॅकनेअर पहिल्यांदा अवकाशात गेले. याच मोहिमेत माणूस प्रथमच दोरीवाचून अवकाशात मोकळा तरंगला. यानाच्या लांब यांत्रिक हाताने बाहेरच्या अंतराळवीराला हव्या त्या जागी नेण्याचे काम मॅकनेअर यांनी केले. सोबत नेलेला सॅक्सोफोनही त्यांनी तिथे वाजवला.

दुसरे उड्डाण 28 जानेवारी 1986 रोजी ठरले होते. हॅले धूमकेतूचे निरीक्षण करणारा एक छोटा उपग्रह यानातून सोडायचा होता. त्या सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. घन इंधनाच्या अग्निबाणाच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने लवचिकता गमावून बसली. फटीतून तप्त वायू बाहेर पडला. उड्डाणानंतर 73 सेकंदांत चॅलेंजर आकाशातच विखुरले. सातही अंतराळवीर मरण पावले. मॅकनेअर अवघे 35 वर्षांचे होते.

त्यांच्या नावाने एमआयटीत एक इमारत आहे, चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एक विवर आहे. पण त्यांच्या आयुष्याशी सर्वांत नाते सांगणारे स्मारक म्हणजे अमेरिकेच्या शिक्षण विभागाची ‘मॅकनेअर स्कॉलर्स’ योजना. कमी उत्पन्नाच्या घरांतले आणि घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे पदवीचे विद्यार्थी, तसेच उच्च शिक्षणात ज्यांची संख्या अल्प आहे अशा समाजातले विद्यार्थी यांना पीएचडीपर्यंत पोहोचवणे हा तिचा हेतू. ती केवळ पैसे देऊन थांबत नाही. मार्गदर्शक प्राध्यापक, प्रत्यक्ष संशोधनाचा अनुभव, पुढच्या प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत, हे सारे तिच्यात येते. रोनाल्ड यांना कधी नशिबाने, कधी कुणाच्या आपुलकीने जे मिळत गेले, ते इथे व्यवस्थेने द्यायचे ठरवले आहे.

लेक सिटीच्या ज्या ग्रंथालयाने पुस्तके द्यायला नकार दिला होता, त्या इमारतीत आज त्यांचा जीवनपट सांगणारे केंद्र आहे. दारावर नाव आहे डॉ. रोनाल्ड मॅकनेअर यांचे.