काळी-पिवळी टॅक्सी आणि सोलापूरचे वालचंद

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवते ना? ती बनवणारी प्रीमियर कंपनी सुरू केली होती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी.

१८८२ साली जन्मलेल्या वालचंदांनी घरचा धंदा सोडून रेल्वेची कंत्राटं घेतली. १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी उभी केली, १९४० मध्ये बंगळुरात विमानाचा कारखाना काढला.

गाडीही भारतातच बनावी, हा त्यांचा ध्यास होता. पण महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने साथ दिली नाही. तरी त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लरला सोबत घेतलं आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या जोडायला सुरुवात झाली.

हो, जोडायलाच. कारण सुटे भाग परदेशातून यायचे. ते इथे बनवणं परवडायला खप मोठा लागतो आणि तेव्हा गाडी घेणारे होतेच किती?

१९५३ मध्ये सरकारी धोरण बदललं. इथे भाग न बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्याच वर्षी वालचंद गेले.

प्रीमियरला संरक्षण मिळालं, पण स्पर्धा उरली नाही. साठच्या दशकातली फियाट पद्मिनी नावाने जवळपास तशीच विकली जात राहिली. १९८३ मध्ये मारुती आली आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं.

देशात गाडी बनू शकते, हे वालचंदांनी दाखवून दिलं. पण बाजारात टिकायचं तर ती बदलतही राहावी लागते.