पादुआचा व्हायोलिन-गुरु : जुझेप्पे तार्तीनी

पादुआचे संत अंतोनी यांचें नांव ठाऊक नाहीं असें ख्रिस्ती घर आपल्यांत क्वचितच सांपडेल. हरवलेली वस्तु मिळावी म्हणून आपण त्यांचा धांवा करितों. मंगळवारीं त्यांच्या मूर्तीपुढें मेणबत्ती लावितों. इटली देशांतील पादुआ नगरांत ज्या भव्य मंदिरांत त्यांची समाधि आहे, त्याच मंदिरांत सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं एक व्हायोलिनवादक आपल्या वाद्यानें देवाची सेवा करीत होता, आणि उरलेल्या वेळांत शिष्यांस शिकवीत होता. त्याचें नांव जुझेप्पे तार्तीनी. आपल्या धर्मग्रामांतील कांहीं मुलें गायकवृंदासाठीं व्हायोलिन शिकूं लागलीं आहेत; म्हणून या ज्युबिलीच्या प्रसंगीं त्याचें चरित्र थोडक्यांत सांगणें आम्हांस उचित वाटतें.

तार्तीनीचा जन्म ८ एप्रिल १६९२ रोजीं आद्रियातिक समुद्राच्या कांठीं पिरान या गांवीं झाला. हें गांव त्या काळीं व्हेनिसच्या राज्यांत होतें. आज तें स्लोव्हेनिया देशांत आहे. मुलानें फ्रान्सिस्कन संघांत प्रवेश करावा अशी आईबापांची इच्छा होती. परंतु मुलाचा ओढा निराळा होता. कायद्याच्या अभ्यासासाठीं तो पादुआच्या विद्यापीठांत गेला, आणि तेथें पुस्तकांपेक्षां तलवारबाजींतच अधिक रमला, असें त्याचे चरित्रकार सांगतात. १७१० सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यानें एलिझाबेत्ता प्रेमाझोरे हिच्याशीं विवाह केला. या विवाहामुळें पादुआचे बिशप कार्डिनल कोर्नारो यांचा त्याजवर रोष झाला, व पत्नीस मागें ठेवून त्यास नगर सोडावें लागलें. असिसी येथील संत फ्रान्सिस यांच्या मठानें त्याला आश्रय दिला. ज्या संघांत आईबाप त्याला धाडूं इच्छीत होते, त्याच संघाच्या दारीं तो अखेर आला. मात्र संन्यासी म्हणून नव्हे, तर शरणार्थी म्हणून. त्या मठाच्या शांततेंत तलवार सुटली आणि व्हायोलिन हातीं राहिलें. मनुष्याच्या उतावीळपणांतूनहि परमेश्वर आपलें कार्य कसें साधून घेतो, याचें हें एक उदाहरण होय.

पुढें आंकोना या गांवीं असतां, १७१४ सालीं, त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. दोन तारा एकदम वाजविल्या आणि दोन्ही स्वर अगदीं शुद्ध लागले, म्हणजे खालच्या बाजूस तिसरा एक मंद स्वर आपोआप ऐकूं येतो. हा तिसरा स्वर पुढें त्यानें आपल्या शिष्यांची कसोटी केली. तो ऐकूं आला नाहीं तर बोट चुकलें असें समजावें. गुरूनें रागें भरण्याचें कारणच उरत नसे.

१७१६ च्या सुमारास व्हेनिस येथें त्यानें फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध वादक व्हेराचीनी याचें वादन ऐकिलें. तार्तीनी त्या वेळीं चोवीस वर्षांचा होता. दुसरा कोणी मत्सरानें जळला असता, किंवा निराश होऊन वाद्य खुंटीस टांगून बसला असता. त्यानें तसें केलें नाहीं. त्या वादकाचा गज तारेवर कसा फिरतो हें पाहून आपल्या हातांत काय उणें आहे तें त्यानें ओळखिलें, आणि आंकोना येथें एकांतांत राहून गज चालविण्याचा अभ्यास नव्यानें आरंभिला. जाणत्या वादकानें मुळाक्षरें पुनः गिरवावीं, यास केवढी नम्रता लागते!

या तपश्चर्येचें फळ लवकरच मिळालें. १७२१ सालीं संत अंतोनींच्या मंदिरांत पहिला व्हायोलिनवादक म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि त्याच्या कीर्तीमुळें नेहमींची परीक्षाहि घेण्यांत आली नाहीं. १७२३ ते १७२६ हीं वर्षें त्यानें प्राग नगरांत घालविलीं. त्यानंतर त्यानें पादुआसच आपलें घर मानिलें. परदेशांतून मोठ्या द्रव्यलाभाचीं आमंत्रणें आलीं, तीं त्यानें नाकारिलीं. १७२८ च्या सुमारास त्याची व्हायोलिनची शाळा सुरू झाली. तींत निरनिराळ्या देशांतून विद्यार्थी येत, म्हणून लोक तिला राष्ट्रांची शाळा म्हणूं लागले.

आतां त्याच्या एका शिष्येची हकीकत सांगूं. त्या काळीं व्हेनिस नगरांत निराधारांसाठीं चार मोठ्या धर्मादाय संस्था होत्या, आणि तेथील मुलींस उत्तम संगीत शिकविण्यांत येई. मेन्दिकान्ती नांवाच्या संस्थेंत मद्दालेना लोम्बार्दीनी ही मुलगी वयाच्या सातव्या वर्षीं दाखल झाली होती. ती चौदा वर्षांची असतां, ५ मार्च १७६० रोजीं, सदुसष्ट वर्षांच्या त्या नामांकित गुरूनें तिला सविस्तर पत्र लिहून व्हायोलिनचा धडा दिला.

त्या पत्रांत सर्वांत आधीं गज येतो. गज तारेवर हातोड्यासारखा आदळूं नये. तो हलकेच टेकवावा, पहिला स्वर श्वासासारखा निघावा, आणि मग हळूहळू दाब वाढवावा. त्यासाठीं बोट न ठेवतां एकच मोकळी तार घ्यावी. अगदीं बारीक आवाजापासून आरंभ करून तो पायरीपायरीनें मोठ्यांत मोठा करावा; गज खालीं ओढतांना आणि वर नेतांनाहि असेंच करावें. या एकाच पाठास रोज निदान एक तास द्यावा; पण तो सलग नव्हे, तर थोडा सकाळीं व थोडा सायंकाळीं. पुढें कोरेल्लीच्या रचनांतील जलद भाग रोज वाजवावे, स्वर एकमेकांपासून सुटे ठेवावे, प्रथम गजाच्या टोंकानें व शेवटीं मध्यानें वाजवावें, आणि वेग थोडथोडा वाढवीत न्यावा.

तार्तीनीच्या एका प्रसिद्ध रचनेविषयीं गोष्ट सांगतात कीं, स्वप्नांत सैतानानें ती त्यास वाजवून दाखविली. लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानें ही गोष्ट लिहून ठेविली आहे. त्या रचनेंत जो स्वरांचा कंप येतो, तोच या पत्रांत तो मद्दालेनेस शिकवितो. आणि त्याची रीत काय? आधीं सावकाश, मग मध्यम, मग जलद. स्वप्नाची गोष्ट ऐकण्यास गोड आहे. पण बोटें स्वप्नानें तयार होत नाहींत.

पुढें संस्थेच्या परवानगीनें मद्दालेना पादुआस जाऊन तार्तीनीपाशीं शिकली. धर्मादायावर वाढलेल्या या मुलीनें १७६८ सालीं पॅरिस येथें व १७७१ सालीं लंडन येथें जाहीर वादन केलें, आणि स्वतः रचनाहि केल्या. तार्तीनी २६ फेब्रुवारी १७७० रोजीं पादुआ येथें देवाघरीं गेला. तेथील संत कॅथरिनच्या देवळांत त्यास पुरण्यांत आलें. त्याच वर्षीं तें पत्र छापून निघालें, आणि आजतागायत व्हायोलिनचे शिक्षक तें वाचीत आले आहेत.

आईबापांस आमची एवढीच विनंति आहे. मूल वाद्य हातीं घेतें न घेतें तोंच, तें मिस्सेच्या वेळीं केव्हां वाजवील, असें आम्हांस विचारण्यांत येतें. चार महिने एकाच तारेची किरकिर घरांत ऐकावी लागली, म्हणजे घरचे कंटाळतात, शेजारी हंसतात, आणि एके दिवशीं व्हायोलिन कपाटावर चढतें तें पुनः खालीं येत नाहीं. त्या किरकिरीसच तार्तीनी सर्वांत कठीण व सर्वांत आवश्यक अभ्यास म्हणतो. ती सहन करणें हें घरच्यांचें काम. आणि मुलांनो, तुमचा तासहि सकाळ-संध्याकाळ वांटून घ्या. प्रार्थनाहि आपण सकाळीं व सायंकाळीं थोडीथोडीच करितों; तिच्यानेंच आत्मा घडतो. गुरु आठवड्यांतून एकदां येतात. उरलेले सहा दिवस तुमचे आहेत.

या देवळाच्या पुढील ज्युबिलीस कदाचित् आम्ही नसूं. त्या दिवशीं गायकवृंदांत जो व्हायोलिन वाजवील, तो आज कोणाच्या तरी घरीं एका मोकळ्या तारेवर गज ओढीत असेल. संत अंतोनी त्याची आठवण देवापाशीं ठेवोत.