विश्लेषण : मेंदूतील गाठीची ओळख आता प्रथिनांवरून! डॉ. खानोलकर यांनी घातलेला पाया वऱ्हाडातील रुग्णांच्या कामी कसा येतो?

अकोला किंवा बडनेरा स्थानकावरून रात्री मुंबईकडे निघणाऱ्या गाडीत उपचारांसाठी जाणारी कुटुंबे हमखास दिसतात. हातातल्या पिशवीत एमआरआयच्या फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या आणि कधी कधी एक लहानशी डबी असते. डबीत मेणाचा ठोकळा आणि काचेच्या काही पट्ट्या. अनेकांना ही डबी म्हणजे कागदपत्रांतलीच एक वस्तू वाटते. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा त्या मेणात जपलेला असतो. मोठ्या कर्करोग रुग्णालयात पुढचा उपचार ठरवण्याआधी डॉक्टर तोच मागतात. गाठीचा तुकडा नीट जपायचा, तपासायचा आणि त्यावर संशोधन उभे करायचे, ही शिस्त भारतात रुजवणाऱ्यांत अग्रभागी असलेले नाव म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

डॉ. खानोलकर कोण होते?

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२३ मध्ये ते विकृतिशास्त्रात एमडी झाले. विकृतिशास्त्र म्हणजे आजाराने शरीराच्या ऊतींत काय बदल झाले, हे शोधणारी शाखा. मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात अध्यापन केले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधनाची धुरा खानोलकरांकडे आली.

परळच्या प्रयोगशाळेने काय शोधले?

त्या काळी कर्करोगावरची पुस्तके युरोप-अमेरिकेतील रुग्णांवर बेतलेली होती. खानोलकरांनी आपल्या रुग्णांकडे पाहिले. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सवयी आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारा त्यांचा निबंध आला. चुना-तंबाखू ओठामागे धरणाऱ्यांना ओठाचा, चिरूट पेटते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना टाळूचा आणि धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने कमरेच्या त्वचेचा कर्करोग, असे तीन प्रकार त्यांनी मांडले. आज वऱ्हाडातल्या पानठेल्यावर खर्रा घोटला जातो, तेव्हा हा इशारा ८० वर्षांपूर्वीच दिला गेला होता, हे लक्षात ठेवायला हवे.

कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंवर कसा हल्ला करतात, यावरही त्यांनी मूलभूत काम केले. वेगवेगळ्या समाजांतील रक्तगटांचाही त्यांनी अभ्यास केला.

वेगळी संशोधन संस्था कशासाठी?

रुग्णालयात रोजच्या रुग्णांचे अहवाल देण्यातच प्रयोगशाळेचा दिवस संपतो. पेशी बिघडते कशी, या प्रश्नाला स्वतंत्र जागा, माणसे आणि वेळ लागतो. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी मिळवली होती. या केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली.

हे केंद्र पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाले. १९६६ मध्ये ते आणि टाटा रुग्णालय टाटा मेमोरियल सेंटर या एकाच छत्राखाली आले. २००२ मध्ये संस्था नवी मुंबईतील खारघरला गेली. तीच आजची अ‍ॅक्ट्रेक. खानोलकर १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषणने सन्मानित झालेल्या या संशोधकाचे २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निधन झाले.

यात मेंदूतील गाठ कुठे आली?

तोंडाच्या कर्करोगात रुग्णाला सवय विचारली की बऱ्याचदा कारण हाती लागते. मेंदूच्या गाठीत तसे होत नाही. किरणोत्साराचा मोठा मारा किंवा काही आनुवंशिक विकार वगळले, तर बहुतेक रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. त्यामुळे उत्तर पेशीच्या आतच शोधावे लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक वर्षानुवर्षे संथ राहते, तर दुसरी काही महिन्यांत फोफावते. असे का, याचे एक उत्तर २००८ मध्ये मिळाले. ग्लायोमा या मेंदूच्या गाठींच्या काही रुग्णांत आयडीएच-१ या प्रथिनात बदल आढळला. हे प्रथिन ४१४ अमिनो आम्लांची साखळी आहे. त्यातील १३२ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येते. ४१४ पैकी एकच कडी बदलते, पण त्यामुळे हे प्रथिन भलताच पदार्थ तयार करू लागते आणि तो पेशीत साचत जातो. मात्र हा बदल असलेल्या ग्लायोमाचे रुग्ण साधारणपणे जास्त काळ जगतात.

हे इतके महत्त्वाचे ठरले, की जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात अशा रेण्वीय बदलांचा समावेश केला. २०२१ च्या आवृत्तीनुसार प्रौढांमध्ये ग्लायोब्लास्टोमा हे नाव आयडीएच बदल नसलेल्या गाठींनाच दिले जाते. बदललेल्या प्रथिनाला रोखणारे व्होरासिडेनिब हे औषध अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाले. ते कमी तीव्रतेच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या ठरावीक ग्लायोमासाठी आहे.

प्रथिनांतील बदल कसे तपासतात?

जनुक म्हणजे आराखडा आणि प्रथिन म्हणजे प्रत्यक्ष चालणारे यंत्र. आराखड्यावरून यंत्र कसे असावे हे कळते. पण ते किती संख्येने बनले आणि कुठे बिघडले, हे यंत्र पाहिल्यावरच समजते.

पहिली पद्धत काचेच्या पट्टीवरची. मेणाच्या ठोकळ्यातून पातळ काप काढून त्यावर बदललेल्या प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड टाकतात. बदल असेल तर पेशी तपकिरी दिसतात. काही दुर्मीळ बदल मात्र यात सुटतात, म्हणून गरजेनुसार जनुकीय तपासणीही करावी लागते.

दुसरी पद्धत संशोधनात वापरतात. गाठीतील प्रथिनांचे विकराने बारीक तुकडे करतात, त्यांना विद्युतभार देतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र प्रत्येक तुकड्याचे वस्तुमान मोजते. त्यावरून हजारो प्रथिनांची यादी आणि प्रमाण एकाच वेळी मिळते. आयआयटी मुंबईतील संशोधकांनी ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांच्या रक्तद्रवातील प्रथिनांचा असा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अ‍ॅक्ट्रेकचाही सहभाग होता. रक्तातूनच गाठीचा माग काढता येईल का, हा त्यामागचा प्रश्न. मात्र संशोधनात सापडलेले प्रथिन रोजच्या तपासणीत येण्याआधी मोठ्या संख्येने रुग्णांवर पडताळावे लागते.

वऱ्हाडातील रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

शस्त्रक्रिया अमरावती, अकोला किंवा नागपूर, कुठेही झाली तरी गाठीचा ठोकळा महत्त्वाचा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना विकृतिशास्त्राचा अहवाल, काचेच्या पट्ट्या आणि ठोकळा हे तिन्ही प्रयोगशाळेतून मागून घ्यावेत. दिल्या-घेतल्याची पावती जपावी. ठोकळ्याचे मेण साधारण ५५ ते ६० अंशांना वितळते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास असताना बंद गाडीत, काचेजवळ ही डबी ठेवू नये. अहवालात आयडीएचचा उल्लेख नसेल, तर ही तपासणी आपल्या प्रकारच्या गाठीत लागते का, हे डॉक्टरांना विचारावे.

संशोधनासाठी ऊती किंवा रक्त मागितले, तर लेखी संमती घेतली जाते. नकार दिला तरी उपचार थांबत नाहीत. होकार दिला, तर तो नमुना पुढच्या रुग्णांच्या कामी येऊ शकतो.

खानोलकरांच्या निधनानंतर ३० वर्षांनी आयडीएच-१ मधील बदल सापडला. त्यांच्या काळात मास स्पेक्ट्रोमीटरवर हजारो प्रथिने मोजण्याची सोय नव्हती. पण आपल्या माणसांचे आजार आपल्याच रुग्णांच्या ऊतींवरून समजून घेतले पाहिजेत, हे त्यांनी परळमध्ये १००० रुग्णांच्या नोंदींतून दाखवून दिले होते. बडनेऱ्याहून निघालेल्या पिशवीतली ती डबी त्याच कामाचा भाग आहे. ती सांभाळून न्या.