श्वास आखूड, रेषा ठळक

पॉल क्ले हे नाव आपल्याकडे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना परिचयाचे. घरोघरी मात्र ते पोहोचलेले नाही. त्याची चित्रे पाहून पुष्कळांना वाटते, या तर लहान मुलाच्या रेघोट्या! मला मात्र या माणसाच्या शेवटच्या पाच वर्षांनी धरून ठेवले आहे.

क्लेचा जन्म १८७९ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ झाला. वडील जर्मन, संगीतशिक्षक, आई स्विस. तो स्वतः व्हायोलिन उत्तम वाजवी. १९०६ साली लिली या पियानोवादिकेशी त्याचे लग्न झाले. म्युनिकच्या बिऱ्हाडात ती शिकवण्या करून घर चालवी, तर क्ले स्वयंपाक आणि लहानग्या फेलिक्सचे संगोपन सांभाळून चित्रे काढी. पुढे तो बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत दहा वर्षे शिकवत होता. १९३३ साली नाझींनी ड्युसेलडॉर्फच्या अकादमीतली त्याची नोकरी काढून घेतली आणि चोपन्नाव्या वर्षी तो बर्नला परतला.

१९३५ साली दुखणे सुरू झाले. आधी श्वसनमार्गाचा दाह, मग थेट फुफ्फुसांपर्यंत गेलेला आजार. अंगावरचे पुरळ गोवराचे ठरवले गेले. पण माणूस काही सावरेना. चेहऱ्याची कातडी ताणली जाऊन मुखवट्यासारखी झाली, घास उतरेना, थोड्या श्रमानेही धाप लागू लागली. रोगाचे नाव त्याला अखेरपर्यंत कळले नाही. हान्स सुटर या स्विस त्वचारोगतज्ज्ञाने पुढे पत्रे, छायाचित्रे आणि आठवणी तपासून स्क्लेरोडर्माचे निदान मांडले. ते मरणोत्तर अनुमान आहे, पण आज बहुतेक अभ्यासक ते मानतात.

या रोगात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते. ऊती सांधणारे चिवट तंतू गरजेपेक्षा जास्त तयार होतात. कातडीचा कडकपणा डोळ्यांना दिसतो. फुफ्फुसातला दिसत नाही. तिथे वायुकोशांच्या पातळ भिंती जाड होतात, खळ जास्त झालेल्या कापडासारख्या ताठरतात. फुफ्फुस पुरते फुलत नाही आणि प्राणवायू रक्तात उतरायला अडखळतो. फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्याही अरुंद झाल्या, तर भार हृदयावर येतो.

१९३६ साली क्लेच्या हातून अवघी पंचवीस चित्रे झाली. कोणीही म्हणाले असते, संपले! पण १९३८ साली आकडा ४८९वर गेला आणि १९३९ साली १२५३वर. म्हणजे दिवसाला तीनहून अधिक! रेषा जाड झाल्या, आकृत्या मोजक्या. अर्धवट, विसराळू, रडणारे देवदूत त्याने त्या वर्षी रेखाटले.

आजारपणामुळे कला बहरली, असे म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. आजाराने काही दिले नाही, घेतलेच. उरलेल्या श्वासात काय करायचे, हे क्लेने ठरवले, श्रेय त्याचे. घरात तास न् तास शांतता राखणाऱ्या, आजाऱ्याचे पथ्य सांभाळणाऱ्या लिलीचेही.

आज छातीचा स्कॅन आणि श्वसनक्षमतेची तपासणी करून फुफ्फुसातला हा बदल लवकर ओळखता येतो. औषधांनी तो पुसला जात नाही, पण त्याची चाल मंदावता येते. म्हणून स्क्लेरोडर्माच्या रुग्णाला जिना चढताना लागणारी धाप वयाच्या नावावर खपवू नये. कोरडा खोकला रेंगाळला, तरी डॉक्टरांना सांगावे. क्लेच्या काळी ही सोय नव्हती.

स्वित्झर्लंडमध्ये जन्मूनही वडिलांमुळे तो कागदोपत्री जर्मनच होता. नागरिकत्वाच्या अर्जावर निर्णय व्हायला थोडेच दिवस उरले असताना, २९ जून १९४० रोजी, लोकार्नोजवळच्या रुग्णालयात त्याने प्राण सोडला. वय साठ. २००५ साली त्याच बर्नमध्ये त्याच्या नावाचे भव्य संग्रहालय उभे राहिले. हयातीत ज्याला तिथला नागरिक होता आले नाही, त्याची हजारो चित्रे आता त्याच शहरात मुक्कामाला आहेत.