लिओ फेंडर : नवशिक्याच्या हाती इलेक्ट्रिक गिटार देणारा तंत्रज्ञ

इलेक्ट्रिक गिटार शिकू इच्छिणारा तरुण वाद्यांच्या दुकानात जातो, तेव्हा कमी किमतीतील जी गिटार त्याला दाखवली जाते ती बहुधा एकाच घाटाची असते. भरीव लाकडाचे अंग, वरच्या बाजूला शिंगांसारखी दोन टोके, तीन पिकअप आणि स्क्रूंनी जोडलेली मान. तिच्यावर नाव कोणत्याही कंपनीचे असो, हा आराखडा मुळात कॅलिफोर्नियातील एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाच्या कार्यशाळेत आकाराला आला. त्यांचे नाव क्लॅरन्स लिओनिडास फेंडर. जगभर ते लिओ फेंडर म्हणून ओळखले जातात. विशेष म्हणजे फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम परिसरात, संत्र्यांची बाग करणाऱ्या कुटुंबात झाला. वयाच्या आठव्या वर्षी डोळ्यात गाठ झाल्याने त्यांचा डावा डोळा काढावा लागला आणि पुढे आयुष्यभर त्यांनी काचेचा डोळा वापरला. त्यांचे एक काका मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान चालवत. या काकांनी तयार केलेला रेडिओ पाहून लहानग्या लिओला त्या यंत्राची ओढ लागली. शिक्षण मात्र त्यांनी हिशेबाचे घेतले आणि हिशेबनीस म्हणून नोकरी केली. महामंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये सहाशे डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान सुरू केले.

या दुकानात रेडिओबरोबरच वादकांची ध्वनिवर्धक यंत्रे आणि गिटारीही दुरुस्तीसाठी येऊ लागल्या. इलेक्ट्रिक गिटार तेव्हा नवी नव्हती. १९३० च्या दशकापासून ती बाजारात होती. पिकअपमधील चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वर ताणलेली पोलादी तार कंप पावली, की चुंबकीय क्षेत्रात बदल होऊन त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर तो मोठा करतो. परंतु पोकळ अंगाच्या गिटारीचा आवाज वाढवला, की लाकडी पेटीच थरथरू लागे आणि कर्कश शिट्टीसारखा नाद उमटे. शिवाय अशा गिटारीची मान सरसाने पक्की चिकटवलेली असे. ती वाकली वा झिजली, तर कुशल कारागीर शोधण्यावाचून गत्यंतर नसे.

फेंडर यांनी या प्रश्नाकडे वाद्यनिर्मात्याच्या नव्हे, तर दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहिले. १९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्यासह त्यांनी मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी आणि ॲम्प्लिफायर तयार करण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे हा प्रकार हवाईयन गिटार या नावाने परिचित आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःची स्वतंत्र कंपनी उभारली. १९५० मध्ये भरीव लाकडाच्या फळीतून कापलेली त्यांची गिटार बाजारात आली. एका पिकअपच्या गिटारीचे नाव एस्क्वायर आणि दोन पिकअपच्या गिटारीचे ब्रॉडकास्टर. ब्रॉडकास्टर हे नाव ग्रेच कंपनीच्या ढोलसंचाच्या नावाशी जुळत असल्याने १९५१ मध्ये ते बदलून टेलिकास्टर करण्यात आले. भरीव अंगाच्या गिटारींमध्ये व्यावसायिक यश मिळवणारी ही पहिली गिटार मानली जाते.

या गिटारीची मान चार स्क्रूंनी अंगाला जोडलेली होती. मान बिघडली, तर दुसरी आणून बसवता येत असे. सर्व भाग वेगवेगळे तयार करून अखेरीस जोडले जात, त्यामुळे वेळ आणि खर्च दोन्ही वाचत. जुन्या परंपरेतील अनेकांना ही गिटार लाकडी फळीहून अधिक काही वाटली नाही. परंतु फेंडर नृत्यगृहांत जाऊन वादकांचे निरीक्षण करीत, त्यांना नमुने वापरायला देत आणि तक्रारी ऐकून बदल करीत. प्रारंभीच्या काही गिटारींच्या मानेत आधाराची पोलादी सळई नव्हती, त्यामुळे तारांच्या ताणाने मान वाकत असे. ही उणीव लवकरच दूर करण्यात आली. १९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरचे अंग शरीराला टोचू नये म्हणून गोलाई देऊन घडवले गेले. त्यामागेही वादकांचाच आग्रह होता.

स्ट्रॅटोकास्टरची किंमत त्या वेळी सुमारे अडीचशे डॉलर होती. शिकाऊ विद्यार्थ्याला ती परवडणारी नव्हती. त्यांच्यासाठी फेंडर कंपनीने १९५६ मध्ये म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक या दोन गिटारी काढल्या. दोन्हींची किंमत दीडशे डॉलरच्या आत होती. पूर्ण आकाराच्या गिटारीत तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर असते. या गिटारींत ती सुमारे ५७ सेंटिमीटर ठेवली गेली, जेणेकरून लहान हातांची बोटे पडद्यांवर सहज पोचावीत. पिकअप कमी केले, सजावट वगळली. मात्र बांधणीची मूळ पद्धत तीच ठेवली. १९६४ मध्ये त्याच परंपरेत मस्टँग ही गिटार आली. पुढे निर्वाणा या वाद्यवृंदाच्या कर्ट कोबेन यांनी हीच शिकाऊंसाठीची गिटार जगभर गाजवली.

स्वस्त करणे आणि हलके करणे यांतील फरक मात्र फेंडर कंपनीच्याच पुढील इतिहासात दिसून आला. प्रकृती बिघडल्याने लिओ फेंडर यांनी जानेवारी १९६५ मध्ये आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. उत्पादन वाढले, पण कारागिरीवरील लक्ष कमी झाले. विक्रीपूर्वीच्या जुन्या गिटारी वादक शोधून शोधून घेऊ लागले. १९७० च्या दशकात जपानी कारखान्यांनी काढलेल्या नकला अनेकदा मूळ मालापेक्षा सरस ठरू लागल्या. अखेर फेंडर कंपनीनेच १९८२ मध्ये जपानमध्ये उत्पादन सुरू केले आणि स्क्वायर हे नाव पुढे कमी किमतीच्या गिटारींसाठी रूढ झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या नावाच्या काही गिटारी भारतातही तयार झाल्या. दरम्यान १९८५ मध्ये सीबीएसने ही कंपनी तिच्याच अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या गटाला विकली होती.

आज पहिली गिटार घेणाऱ्याला या चरित्रातून काही व्यावहारिक बोध घेता येतो. किंमत कमी असणे हा दोष नव्हे. मान सरळ आहे का, पडद्यांच्या कडा बोटांना टोचत नाहीत ना, तारा पडद्यांपासून फार उंच नाहीत ना, खुंट्या सूर धरून ठेवतात का, हे तपासणे आवश्यक आहे. आतील सळई फिरवून मानेचा बाक आणि घोडीवरील स्क्रू फिरवून तारांची उंची कमी-अधिक करता येते. म्हणून खरेदीनंतर जाणकाराकडून एकदा जुळणी करून घेणे हितावह ठरते. सगळी रक्कम गिटारीवर खर्च न करता लहान ॲम्प्लिफायर, केबल आणि तारांचा जादा संच यांसाठीही तरतूद ठेवावी. अनेक नवशिके पहिल्याच वर्षी गिटार सोडून देतात. त्यांपैकी काहींना आपल्याला कला नाही असे वाटते, प्रत्यक्षात दोष न जुळवलेल्या वाद्याचा असतो.

कंपनी विकल्यानंतरही फेंडर स्वस्थ बसले नाहीत. प्रकृती सुधारल्यावर म्युझिक मॅन आणि त्यानंतर जॉर्ज फुलर्टन यांच्यासह जी अँड एल या कंपन्यांसाठी त्यांनी नवी वाद्ये घडवली. उतारवयात कंपवाताने ग्रासले असतानाही ते कार्यशाळेत जात राहिले. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथे त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी, १९९२ मध्ये, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांच्या नावाचा समावेश करण्यात आला. मंचावर कधीही गिटार न वाजवलेल्या या तंत्रज्ञाचा हा गौरव होता. त्यांनी रूढ केलेली स्क्रूंनी जोडलेली मान आजही बहुतेक स्वस्त इलेक्ट्रिक गिटारींवर दिसते.